पायलटच्या नोकरीसाठी अर्ज करताय? मग सीव्ही, तास आणि लॉगबुक असं मांडा

फ्लाइंग छान, ग्राउंड सब्जेक्ट्स पक्के, इन्स्ट्रक्टर पण नावाजतात, आणि तरी कुठून इंटरव्ह्यूचा कॉल येत नाही अशी बरीच मुलंमुली मला माहिती आहेत. सीव्ही बघायला मागितला की मग कळतं की घोडं कुठं अडलंय. पहिलं अर्धं पान ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’ने भरलेलं, लायसन्स कुठलं ते दुसऱ्या पानावर, उडवलेले तास तर तीन ठिकाणी तीन वेगवेगळे. एवढे पैसे आणि एवढी वर्षं घालून लायसन्स काढायचं आणि अर्ज मात्र अर्ध्या तासात उरकायचा, हे मला खरंच बघवत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. एअरलाइन असो, कार्गो असो, चार्टर असो किंवा इन्स्ट्रक्टरची नोकरी असो, थोड्याफार फरकाने हे सगळीकडे लागू पडतं.

आधी तुमचा अर्ज वाचतं कोण ते बघा. मोठ्या एअरलाइनमध्ये पहिली चाळणी बहुतेक वेळा पोर्टलच लावतं, म्हणजे किमान तास आहेत का, मेडिकल चालू आहे का, लायसन्स कुठल्या देशाचं. मग रिक्रूटमेंटचा माणूस बघतो, जो स्वतः पायलट असेलच असं नाही, आणि त्यानंतर फ्लाइट ऑपरेशन्समधला एखादा कॅप्टन. छोट्या ऑपरेटरकडे हे तिन्ही कामं एकटा चीफ पायलट करतो, तेही दोन फ्लाइटच्या मधे, मोबाइलवर. या सगळ्यांना हवी असलेली माहिती एका नजरेत सापडली पाहिजे, आणि ती कुणी पडताळून बघितली तर तीच निघाली पाहिजे. माझ्या मते चांगला अर्ज म्हणजे एवढंच, बाकी फॉन्ट न् रंग वगैरे सगळं नंतर.

म्हणून सीव्हीमध्ये सगळ्यात वर नाव, फोन, ईमेल, नागरिकत्व, कुठे काम करायचा हक्क आहे, पासपोर्ट कधीपर्यंत व्हॅलिड आहे हे दोन-तीन ओळीत संपवा, आणि लगेच लायसन्स. कुठल्या देशाच्या अथॉरिटीचं, सीपीएल (कमर्शियल पायलट लायसन्स) की एटीपीएल (एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट लायसन्स), इन्स्ट्रुमेंट रेटिंग (आयआर, म्हणजे बाहेरचं न दिसताही उपकरणांवर उडवायची परवानगी) आहे का आणि कधीपर्यंत, मल्टी इंजिन आहे का, टाइप रेटिंग (ठरावीक मॉडेलचं विमान उडवायची परवानगी) असेल तर कुठलं आणि शेवटचा प्रोफिशियन्सी चेक (ठरावीक काळाने होणारी उडवायची परीक्षा) कधी झाला. इथे एक गोष्ट फार वेळा चुकीची लिहिलेली दिसते. एटीपीएलच्या लेखी परीक्षा पास झालात पण तास पूर्ण नाहीत, तर तुमच्याकडे एटीपीएल नाहीये, सीपीएल आहे. बोलताना लोक त्याला ‘फ्रोझन एटीपीएल’ म्हणतात ते ठीक आहे पण सीव्हीवर सरळ ‘सीपीएल, आयआर, मल्टी इंजिन, एटीपीएल थिअरी पूर्ण’ असं लिहा. एटीपीएलला आयकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) नियमात किमान १५०० तास लागतात हे वाचणाऱ्याला माहिती असतं, त्यामुळे ३०० तासांच्या सीव्हीवर नुसतं ‘एटीपीएल’ दिसलं की पुढच्या प्रत्येक ओळीकडे तो संशयाने बघतो. एमसीसी (दोन पायलटांनी मिळून कॉकपिटमध्ये काम करायचा कोर्स) किंवा ॲडव्हान्स्ड यूपीआरटी (विमान ताब्याबाहेर जायला लागलं तर सावरायचं ट्रेनिंग) केलं असेल तर तेही इथेच, तारखेसकट.

मग मेडिकल. क्लास १ (व्यावसायिक पायलटला लागणारं मेडिकल सर्टिफिकेट) आणि एक्स्पायरीची तारीख, बस. चष्म्याची अट असेल तर ती लिहायला लाजायचं काही कारण नाही, कितीतरी पायलट चष्मा लावून उडवतात. तारीख मात्र नक्की द्या कारण क्लास १ साधारण १२ महिन्यांचं असतं आणि ६० वर्षांनंतर ६ महिन्यांचं होतं, त्यामुळे अर्ज जाऊन कॉल येईपर्यंत ते संपणार तर नाही ना हे समोरच्याला बघायचं असतं. दोन महिन्यात संपत असेल तर आधी रिन्यू करून घ्या आणि मग अर्ज करा. इंग्लिश प्रोफिशियन्सीचंही तसंच, लेव्हल आणि तारीख दोन्ही लिहायचं. आयकाओच्या शिफारशीप्रमाणे लेव्हल ४ वाल्यांची ३ वर्षांनी आणि लेव्हल ५ वाल्यांची ६ वर्षांनी परत टेस्ट होते, लेव्हल ६ ला परत द्यावी लागत नाही. आंतरराष्ट्रीय फ्लाइंगला किमान लेव्हल ४ लागतंच, त्यामुळे ‘इंग्लिश: फ्लुएंट’ एवढंच लिहिलं तर त्यातून काहीच कळत नाही.

आता तास. इथे जरा थांबतो कारण खरी गडबड इथेच असते. एका फ्रेशरच्या सीव्हीवर तासांचा भाग साधारण असा दिसला पाहिजे (आकडे नमुन्याचे आहेत; पीआयसी म्हणजे पायलट इन कमांड म्हणून उडवलेले तास, ड्युअल म्हणजे इन्स्ट्रक्टरसोबत शिकतानाचे, इन्स्ट्रुमेंट म्हणजे फक्त उपकरणांवर उडवलेले, क्रॉस कंट्री म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याचे):

३० जूनपर्यंतचे तास, दशांशात
एकूण: ३१२.४
पीआयसी: १६८.२
ड्युअल: १४४.२
मल्टी इंजिन: २८.६
नाइट: २१.५
इन्स्ट्रुमेंट: ४६.०
क्रॉस कंट्री: १४०.७
मागच्या १२ महिन्यात: ६२.३
मागच्या ९० दिवसात: ११.८
सिम्युलेटर, एकूणात न धरलेले: ४०.०

बघा, पीआयसी आणि ड्युअलची बेरीज केली की बरोबर एकूण येतं. वाचणारा कॅप्टन हे मनातल्या मनात करतोच, सवय असते त्यांना. नाइट, इन्स्ट्रुमेंट, मल्टी हे त्याच एकूण तासांचे वेगळे कप्पे आहेत, ते बेरजेत परत येत नाहीत. सिम्युलेटर कायम वेगळा ठेवायचा, कारण ते फ्लाइट टाइम नाहीये, ते ४० तास एकूणात मिसळून ३५२.४ लिहिलं तर तुम्ही जाणूनबुजून केलं का चुकून हे समोरचा विचारत बसणार नाही. आणि वर तारीख टाकलीच पाहिजे, नाहीतर सीव्हीवर एक, पोर्टलवर दुसरा आणि इंटरव्ह्यूच्या दिवशी लॉगबुकमध्ये (प्रत्येक फ्लाइटची नोंद असलेल्या तुमच्या वहीत) तिसराच आकडा निघतो, आणि मधल्या काळात तुम्ही उडवलेलं असल्यामुळे तो फरक अगदी खरा असला तरी तिथे बसून सफाई द्यावी लागते. तारीख असली की प्रश्नच मिटला.

तास आणि मिनिटांचा घोळ हा तर ठरलेलाच. लॉगबुकमध्ये १ तास ३० मिनिटं असतात, दशांशात ते १.५ होतं, १.३ नाही. ६ मिनिटं म्हणजे ०.१. आता २४५ तास ३० मिनिटांचं कुणी २४५.३० लिहिलं तर वाचणारा २४५.३ समजणार, म्हणजे तुमचीच १२ मिनिटं गेली, हा एकदाचा फरक छोटा आहे पण प्रत्येक एंट्रीत हीच चूक करून बेरीज मारली असेल तर एकूण आकडाच हलतो. पोर्टलवर दशांश मागितलाय का तास:मिनिटं, हे रकाना भरायच्या आधी वाचा. आणि राउंड फिगर नको, ‘साधारण १५००’ तर बिलकुल नको. १४९२ असतील तर १४९२ लिहा, १५०० ची अट असेल तर आठ तास उडवून मग अर्ज करा.

पीआयसीची व्याख्या हा अजून एक खड्डा. अमेरिकेच्या एफएएच्या (तिथल्या विमान वाहतूक अथॉरिटीच्या) नियमात, तुम्ही त्या विमानासाठी रेटेड असाल आणि कंट्रोल्स एकट्याने हाताळत असाल तर ते तास पीआयसी म्हणून लॉग करता येतात, भले त्या फ्लाइटची जबाबदारी दुसऱ्या कुणाची असो. पण बऱ्याच एअरलाइनच्या फॉर्मवर पीआयसी म्हणजे ज्या फ्लाइटचे कमांडर तुम्ही स्वतः होता, ज्या विमानासाठी सही तुम्ही केली, तेवढेच तास मागतात. युरोपात पीआयसी अंडर सुपरव्हिजन हा वेगळाच प्रकार आहे, को-पायलट कॅप्टनच्या देखरेखीखाली कमांडरचं काम करतो तेव्हाचा. फॉर्मवरची व्याख्या वाचून त्याप्रमाणेच तास काढा, वेगवेगळ्या कंपन्यांना वेगवेगळे पीआयसी आकडे गेले तरी त्यात काही चूक नाही, फक्त कुठला आकडा कुठून आला हे तुम्हाला लॉगबुक उघडून दाखवता आलं पाहिजे. फ्लाइट टाइमचं पण असंच, आयकाओच्या व्याख्येत विमान टेकऑफसाठी पहिल्यांदा हललं तिथपासून फ्लाइट संपून पूर्ण थांबलं तिथपर्यंत. एअर टाइम म्हणजे नुसता हवेतला वेळ, तो त्याच्यापेक्षा कमी असतो. दोन्ही मिसळू नका.

लॉगबुक तपासणारे खरंच तपासतात हे धरून चाला. नाइट टाकलेल्या फ्लाइटची वेळ बघतात आणि तेव्हा त्या ठिकाणी सूर्य मावळला होता का हे काढतात. एकाच रजिस्ट्रेशनचं विमान त्याच वेळेला दुसऱ्या कुणाच्या लॉगबुकमध्ये निघतं का, विमानाच्या टेक लॉगशी (त्या विमानाच्या स्वतःच्या नोंदवहीशी) जुळतं का, पानाच्या खालची बेरीज पुढच्या पानावर नीट आलीय का, शाई आणि अक्षर सलग चाळीस एंट्र्या एकसारखी का आहे, सगळं बघतात. पेनाने वाढवलेल्या तासांना वैमानिकांमध्ये ‘पार्कर पेनचे तास’ म्हणायची जुनी पद्धत आहे, म्हणजे हा प्रकार किती जुना आणि किती ओळखीचा आहे ते समजा. एक तासही वाढवू नका. नोकरी गेली तर दुसरी मिळते पण एकदा तास खोटे निघाले की लायसन्सवर येतं, आणि या धंद्यात सगळे सगळ्यांना ओळखतात.

बेरजेतली जुनी चूक तुमची तुम्हालाच सापडली तर काय करायचं, हे पण बरेच जण विचारतात. खोडून, व्हाइटनर लावून नवीन आकडा टाकू नका. चुकीचा आकडा वाचता येईल अशी एकच रेघ मारा, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. आणि मग पुढची सगळी पानं शांतपणे परत मोजा, कंटाळवाणं काम आहे पण एक रविवार घालवा त्याच्यात.

आता ज्याला सगळे घाबरतात तो भाग, फेल झालेली चेकराइड (विमान उडवून दाखवायची परीक्षा), एखादा इन्सिडेंट, अथॉरिटीची कारवाई. फॉर्मवर विचारलं असेल तर लिहायचंच, पूर्ण लिहायचं. फेब्रुवारी २००९ मध्ये अमेरिकेत बफेलोजवळ कोलगन एअरचं ३४०७ हे फ्लाइट पडलं, विमानातले ४९ आणि जमिनीवरचा एक असे ५० लोक गेले. तपासात कारण निघालं ते स्टॉलच्या (पंखांची उचल संपत आल्याच्या) वॉर्निंगला कॅप्टनने दिलेला चुकीचा प्रतिसाद, पण त्याबरोबर हेही समोर आलं की आधी नापास झालेल्या काही चेकराइड्सची माहिती त्याने नोकरीच्या अर्जात दिलेली नव्हती. २०१० मध्ये तिथे कायदा झाला, पायलटांचं सगळं रेकॉर्ड एका डेटाबेसमध्ये ठेवायचं ठरलं आणि २०२१ मध्ये त्याचे अंतिम नियम आले. तिथल्या एअरलाइनला आता तुमचं ट्रेनिंग आणि चेकिंगचं रेकॉर्ड तिथून बघावंच लागतं. इतर ठिकाणीही जुन्या कंपनीकडे आणि अथॉरिटीकडे विचारणा होतेच. त्यामुळे लपवलेलं राहील या भरवशावर राहू नका, आणि राहिलं तरी लपवू नका, मागे प्रवासी बसतात आपल्या.

लिहायचं कसं तर चार वाक्यांत. कुठली चेक, केव्हा, कुठला भाग जमला नाही, त्यावर काय केलं आणि परत कधी पास झालात. उदाहरण द्यायचं तर, ‘मार्चमध्ये इन्स्ट्रुमेंट रेटिंगच्या स्किल टेस्टमध्ये नॉन-प्रिसिजन अप्रोचला किमान उंचीच्या खाली गेल्यामुळे तो भाग नापास. इन्स्ट्रक्टरसोबत तीन सॉर्टीचं रीट्रेनिंग. एप्रिलमध्ये तोच भाग पास. त्यानंतरच्या सगळ्या चेक पहिल्या प्रयत्नात.’ झालं. एक्झामिनर कडक होता, हवा खराब होती, विमान जुनं होतं हे काहीही लिहू नका, खरं असलं तरी नको. एखादी फेल गेलेली चेक बहुतेकांच्या रेकॉर्डला असते, ती तुम्ही कशी सांगता यावरून कॉकपिटमध्ये चूक झाल्यावर तुम्ही कसे वागाल याचा अंदाज ते घेत असतात.

गॅपचंही तेच. २०२० मध्ये कोविडने जगभरातली विमानं जमिनीवर आली तेव्हा हजारो पायलट घरी बसले, त्याबद्दल कुणी नाव ठेवत नाही. पण महिने रिकामे दिसले आणि खुलासा नसला तर वाचणारा स्वतःच काहीतरी समजून घेतो. एका ओळीत लिहून टाका, फर्लो (कंपनीने दिलेली सक्तीची रजा), आजारपण, बाळंतपण, घरच्या कुणाची काळजी, दुसरी नोकरी, जे असेल ते. आणि सोबत रीसेन्सी (अलीकडचा उडवायचा सराव) परत आणायला काय केलं ते, सिम सेशन, इन्स्ट्रुमेंट रिन्यूअल, काही तासांचं रिफ्रेशर. गॅपपेक्षा हातात आत्ता फ्लाइंग किती आहे याचीच त्यांना जास्त काळजी असते, म्हणून तर मागच्या ९० दिवसांचे आणि १२ महिन्यांचे तास वेगळे द्यायला सांगितले.

अनुभव लिहिताना उलट क्रम, आत्ताचं सगळ्यात वर. ऑपरेटर, विमान, तुम्ही कुठल्या सीटवर, कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत, कशा प्रकारचं फ्लाइंग. ‘विमान सुरक्षितपणे चालवणे’ असलं काही लिहू नका, ते सगळेच करतात. त्यापेक्षा रात्रीचं कार्गो, लहान धावपट्ट्या, डोंगराळ भाग, सिंगल पायलट आयएफआर (उपकरणांवरच्या उड्डाणाच्या नियमांखाली, एकट्याने), दिवसाला सहा सेक्टर (टेकऑफ ते लँडिंग असा एकेक टप्पा), हे लिहिलं की चित्र डोळ्यासमोर येतं. नोकरी कुठली आहे त्याप्रमाणे यातलं काय वर आणायचं ते बदला. एअर ॲम्ब्युलन्सवाल्याला सिंगल पायलट आयएफआर आणि रात्री अचानक निघायची सवय बघायची असते, सर्व्हेवाल्याला तासन्‌तास सरळ रेषेत अचूक उडवणं, फ्लाइंग स्कूलला तुमचे किती स्टुडंट पहिल्या प्रयत्नात पास झाले ते, एअरलाइनला मल्टी क्रू आणि एसओपी (कंपनीने ठरवून दिलेली कार्यपद्धती). एकच सीव्ही सगळीकडे फॉरवर्ड करणारे लगेच ओळखू येतात.

ज्यांच्याकडे तासच कमी आहेत त्यांनी फ्लाइंगव्यतिरिक्तची कामं अजिबात लपवू नका. डिस्पॅच, ग्राउंड हँडलिंग, केबिन क्रू, अगदी हॉटेलातली नाइट शिफ्ट सुद्धा. शिफ्टमध्ये काम करणं, वैतागलेल्या माणसाशी नीट बोलणं, चेकलिस्टप्रमाणे काम करणं हे सगळं कॉकपिटला उपयोगी आहे आणि सिलेक्शनवाल्यांना ते कळतं. फक्त छंद वगैरे एका ओळीत आटपा.

कव्हर लेटर अर्ध्या पानाचं पुरे. पहिल्याच परिच्छेदात कुठल्या जागेसाठी आणि तुम्ही कोण, म्हणजे ‘एटीआर ७२ फर्स्ट ऑफिसरच्या जागेसाठी अर्ज करतेय, सीपीएल आयआर, एकूण ३१२ तास, त्यातले २८ मल्टी इंजिन, एमसीसी पूर्ण, एक महिन्याच्या नोटिसवर जॉइन होऊ शकते’. इथे पूर्ण तास लिहिले तरी चालतं, पण दशांश सोडून द्यायचा, वरच्या बाजूला राउंड करायचं नाही. दुसऱ्या परिच्छेदात हीच कंपनी का, आणि ते खरं असलं पाहिजे. त्यांची विमानं, त्यांचे रूट्स, त्यांचा बेस याबद्दल तुम्हाला काही माहिती आहे हे त्यातून दिसायला हवं. ‘लहानपणापासून आकाशाकडे बघायचो’ हे वाक्य प्रामाणिक असेल, पण ते इतक्यांनी लिहिलेलं असतं की त्याने तुमचं वेगळेपण काही कळत नाही. आणि दुसऱ्या एअरलाइनचं नाव चुकून राहिलेलं नाही ना हे पाठवायच्या आधी बघाच, असं होतं आणि तो अर्ज तिथेच संपतो.

दिसायचं म्हणाल तर साधंच ठेवा. फ्रेशर असाल तर एक पान, खूप अनुभव असेल तर दोन. पीडीएफ, नाव आणि पद फाइलच्या नावातच, ‘सीव्ही फायनल नवीन ३’ नको. दोन कॉलमची रंगीत टेम्प्लेट्स टाळा, पोर्टलच्या सॉफ्टवेअरला बऱ्याचदा ती नीट वाचता येत नाहीत आणि तास भलत्याच रकान्यात जाऊन बसतात. फोटो मागितला असेल तरच, आणि मागितला तर साध्या पार्श्वभूमीचा. खांद्यावरचे रँकचे जे पट्टे तुम्हाला मिळालेलेच नाहीत ते घालून काढलेला फोटो तर नकोच.

कागदपत्रं सरळ स्कॅन करा, पानाचे चारही कोपरे दिसले पाहिजेत, सावली नको, बोट नको. लायसन्स, रेटिंगचं पान, मेडिकल, पासपोर्ट, लॉगबुकची शेवटची पानं, जाहिरातीत मागितलेल्या क्रमाने. नाव सगळीकडे एकसारखं आहे का बघा, पासपोर्टवर एक आणि लायसन्सवर दुसरं असेल तर तसं एका ओळीत सांगून त्याचा कागद सोबत जोडा. रेफरन्स म्हणून ज्यांचं नाव देताय त्यांना आधी विचारा, फोन आल्यावर त्यांनी ‘कोण?’ म्हणायला नको.

आणि एक कळकळीने सांगतो, इंटरव्ह्यूसाठी किंवा ‘सीट पक्की करायला’ पैसे मागणाऱ्या एजंटला एक पैसा देऊ नका, पासपोर्टचा स्कॅन तर त्याहून नको. ईमेल खरंच त्या कंपनीच्या डोमेनवरून आलाय का बघा, जागा कंपनीच्या स्वतःच्या करिअर पेजवर आहे का बघा. नोकरीच्या घाईत असलेला नवा पायलट हे अशा लोकांचं आवडतं गिऱ्हाईक आहे.

पाठवायच्या आदल्या दिवशी एखाद्या पायलट मित्राला किंवा मैत्रिणीला सोबत घ्या. तिने सीव्हीवरचा एकेक आकडा मोठ्याने वाचायचा आणि तुम्ही लॉगबुकमध्ये तो बोट ठेवून दाखवायचा, तारखांसकट. जो सापडत नाही तो आकडा सीव्हीवरून काढा किंवा दुरुस्त करा. पाठवून झालं की पोर्टलचा लॉगिन जपून ठेवा आणि तास, मेडिकल, नवीन रेटिंग जसं बदलेल तसं दर महिन्याला तिथे अपडेट करत राहा, कारण जागा निघाली की काही कंपन्या आधी जुन्या अर्जांमध्येच शोधतात. कॉल आला की लॉगबुकमध्ये पहिली सोलो, प्रत्येक स्किल टेस्ट, टाइप रेटिंग आणि शेवटच्या बेरजेच्या पानांना छोटे टॅब लावा, म्हणजे समोरच्याने विचारलं की पान लगेच उघडता येतं.